पानाआड

जास्वंदीचे एक पान रात्रीतून पिवळे पडले होते. विजयमालेने नवऱ्याची, लालासाहेबाची, नजर जाण्याआधी ते खुडले, मुठीत चुरगाळले आणि मूठ पदराआड नेली. आज एकही पान गळून चालणार नव्हते. आज नाथाजी गाडी जुंपून येणार होता.

सोप्याच्या कोपऱ्यात, पूर्वेच्या खिडकीशी, जाळीचे उंच कपाट उभे होते. एके काळी त्यात दूधदुभते राहत असे. आता त्यात दोन कुंड्या होत्या, एक आडवी वाळकी फांदी होती आणि त्या हिरव्या काळोखात कुठेतरी तो होता. घोयरा सरडा. रंग पालटणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, प्रत्येक पाऊल टाकावे की न टाकावे अशा संभ्रमात झुलत राहणारा. कोरेगावच्या त्या पंचक्रोशीत त्याचे नाव काढले तरी बाया थुंकत. तो चावला की मांस घेऊनच सोडतो, अशी सगळ्यांची खात्री होती. कुंड्या बदलताना लालासाहेब त्याला आपल्या मनगटावर घेई आणि विजयमाला मान वळवूनच आपले काम उरकी. इतके महिने तो तिच्या घरात होता, पण तिने त्याला एकदाही धड पाहिले नव्हते.

लालासाहेब ब्रह्मदेशातून परतला तेव्हा त्याच्या अंगावर एक ओरखडाही नव्हता. तिथल्या रानात त्याची तुकडी दिवसचे दिवस पाल्याखाली निपचित पडून होती, एवढेच कुणाकुणाकडून घरी कळले होते. जो हलला तो दिसला, आणि दिसला तो उरला नाही. लढाई संपून वर्ष उलटले, तरी तो उघड्या अंगणात पाऊल टाकीत नसे. भिंतीच्या सावलीने चाले. शब्द तर तो जणू तिकडेच मातीत पुरून आला होता. मग एकदा घरामागच्या परड्याच्या कुंपणावर, करंजाच्या पानांत, त्याला हा घोयरा दिसला. दोघेही कितीतरी वेळ एकमेकांसमोर निश्चल राहिले. त्या दिवशी जेवताना तो पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "त्याला झाड पायजे. दाट."

तेव्हापासून घराची सगळी शांतता त्या पानांना लोंबकळत होती.

पण कपाटात झाड जगवणे सोपे नव्हते. पहिली जास्वंद मुळाशी पाणी साचून कुजली. दुसरी उजेडावाचून लांबट, पांढुरकी होत गेली. विजयमाला सांगलीची, कृष्णेच्या काठी तिच्या वडिलांचा वांग्यांचा मळा होता आणि मातीशी कसे बोलावे हे ती तिथे शिकली होती. तिने कुंड्यांच्या बुडाला भोके पाडून खापऱ्या अंथरल्या. मातीत वाळू आणि कुजलेला पालापाचोळा मिसळला. कपाट खिडकीशी सरकवले. झाडांच्या दोन जोड्या केल्या. एक आत, एक परड्यात उन्हाला. आतली थकली की बाहेरची आत यायची. लालासाहेब रोज सकाळी बोटांनी पानांवर पाणी शिंपडी, आणि तेवढा वेळ त्याच्या चेहऱ्यावर लग्नाच्या वर्षीचे काहीतरी उमटून जाई.

फाल्गुनात झाडांवर माव्याची कीड पडली. आतल्या जोडीची पाने चिकट झाली, वळली, आणि एका दुपारी भराभर झडली. फांद्या उघड्या पडल्या. फांदीवरचा घोयरा कुणालाही दिसेल असा दिसू लागला. त्या दुपारी लालासाहेबाने आपल्या आईला, धोंडुबाईला, जमिनीवर पाडले आणि तिच्या तोंडावर हात दाबून धरला. "हलू नगं," तो कुजबुजत होता, "हलू नगं, दिसशील." माणसांनी त्याला ओढून काढले तेव्हा म्हातारीचे ओठ निळे पडले होते.

त्याचे वडील तात्याबा त्या दिवशी ओरडले नाहीत, हेच भयंकर होते. ओसरीवर बसून ते सुनेला म्हणाले, "पोरी, त्यो माझा ल्योक हाय. पर ही माझी बायकू हाय. आता नाथाजी येऊन बघंल. पलटणीत असली माणसं त्यानं बघितल्यात. त्यो म्हनला तर दुपारच्या गाडीनं पुण्याला. वेड्यांच्या इस्पितळात."

म्हणून आज पाने हवी होती. परड्यातल्या जोडीवरही मावा चढू लागला होता, तेव्हा विजयमालेने वडिलांचा उपाय केला. तंबाखू भिजवून त्याचे तपकिरी पाणी काल संध्याकाळी पानापानांवर मारले. वांग्याचे पीक त्यानेच वाचत आलेले. घोयऱ्याची काळजी तिच्या मनात आली नाही. तो पाने खात नसे. आत ठेवलेल्या करवंटीतले पाणी तर जसेच्या तसे राही; तो पाणी पीतच नाही, असेच ती धरून चालली होती. सकाळी तिने ती जोडी आत ठेवली. कपाट गच्च हिरवे झाले.

बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज थांबला.

"काय तात्याबा, तयारी हाय का न्हाई?" नाथाजी जोडे वाजवीत सोप्यात आला. पेन्शनीत निघालेला हवालदार; मिशी अजून नोकरीवर होती. "आन् हे काय, दुधाच्या कपाटात रान उगवलंय व्हय? रामराम, लालासाहेब!"

लालासाहेब वळला नाही. तांब्यात बोटे बुडवून पानांवर पाणी शिंपडीत राहिला.

"बोलत न्हाई," तात्याबा हलकेच म्हणाले.

"बघतो की. गप बसा तुमी."

नाथाजी खाली बसून लालासाहेबाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहू लागला. विजयमालेला त्या चेहऱ्याकडे पाहवेना. इकडे नवरा, तिकडे त्याचा निवाडा करणारा माणूस. नजर टेकवायला जागा उरली नाही, म्हणून तिने इतक्या महिन्यांत प्रथमच जाळीच्या आत पाहिले.

तो तिथे होता. पानासारखाच हिरवा, पानासारखाच चपटा. शिंपडलेले थेंब पानांच्या शिरांवरून घरंगळत टोकाशी येत होते, आणि घोयरा मान उंचावून, तोंड किंचित उघडून, एक एक थेंब चाटून घेत होता. पानावरून. करवंटीतले पाणी जसेच्या तसे राहायचे, ते ह्यासाठी.

टोकाशी आलेला पुढचा थेंब तपकिरी होता.

ओरडावे तर नवरा लढाईतल्यासारखा जमिनीवर पडेल. सांगावे तर कोणत्या शब्दांत, आणि तोवर थेंब किती? तिने कपाटाचे दार उघडले आणि उघडा हात आत घातला.

"अगं, ए!" तात्याबा उठले.

फांदी मोडल्याचा आवाज झाला. विजयमालेने जास्वंदीची ती डहाळी घोयऱ्यासकट बाहेर ओढली. सोपाभर पाने सांडली. घोयरा फुगला, काळवंडला, त्याने सू करून तोंड वासले आणि डहाळीवरून सरळ तिच्या मनगटावर चढला. त्याच्या चिमट्यासारख्या बोटांनी तिची कातडी धरली. तिने हात हलू दिला नाही. ती तशीच धावत सोप्यातून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात उतरली. पाण्याचा रांजण अंगणाच्या मधोमध होता.

लालासाहेब उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. त्याच्यापुढे चैत्राचे पांढरे, निर्दय ऊन पसरले होते. कुठे आडोसा नव्हता. नाथाजीने त्याला धरायला हात पुढे केला, तो हवेतच राहिला.

"तंबाखूचं पानी हाय पानांवर!" विजयमाला अंगणातून म्हणाली. "मी मारलंय. त्यो पितोय ते!"

लालासाहेब उंबऱ्यावरून उतरला. उन्हातून, सरळ, सगळ्यांच्या नजरांमधून चालत तो रांजणापाशी गेला. घोयऱ्याला त्याने तिच्या मनगटावरून अलगद सोडवून घेतले, ओंजळीने त्याचे तोंड धुतले, मग बोटाच्या टोकावरून स्वच्छ थेंब त्याच्या ओठाशी धरला. घोयऱ्याने तो घेतला नाही. पुन्हा धरला.

"कुनी सांगितलं तुला तंबाखू मारायला?" तो गरजला.

अंगणातले पारवे उडाले. धोंडुबाई चुलीपुढून धडपडत दारात आली.

"कुनी सांगाय कशाला लागतंय? मावा पडला हुता! झाड मेलं असतं!"

"मरू दे की झाड! ह्यो मेला म्हंजी?"

"मग पानावरचं पानी पितोय हे बोलायचं न्हवतं? तोंडाला कुलूप लावलंया! वरीस झालं, मी ह्या घरात भित्तीसंगं बोलतीया!"

"तुला बघाय काय झालं हुतं? मान मुरडून बसायचं नुसतं!"

"मी मान मुरडती? मी? आवं, गेल्या संक्रांतीला माज्याकडं बघितलं तरी का तुमी?"

नाथाजीने खांद्यावरचा टॉवेल सावरला. "तात्याबा, वराडतोय त्यो. लय वराडतोय. धरू का?"

तात्याबा ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. भर उन्हात उभा असलेला, घामाने निथळणारा, बायकोपुढे हातवारे करणारा आपला मुलगा ते पाहत होते.

"काय म्हनून धरतोस?" ते म्हणाले. "नवरा-बायकूचं भांडान हाय. त्यात आपलं काय काम? बैलं सोड जा."

"आन् दुपारची गाडी?"

"बैलं सोड म्हनलं की, गड्या!"

अंगणात लालासाहेबाने तिसरा थेंब धरला. घोयऱ्याची जीभ जरा बाहेर आली, थेंबाला लागली, आत गेली. वाचेल की नाही, कुणालाच सांगता आले नसते. लालासाहेब उन्हात तिथेच उभा होता.

"दुसरं पानी आन," तो मान वर न करता म्हणाला. "आडाचं. ताजं."

"आनती," विजयमालेने कळशी उचलली. "पर माजं बोलून झालेलं न्हाई अजून."