खिडकीच्या मापाची टाकी

"टाकीवर ऊन येतं का?" माशांच्या दुकानदाराने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली.

"थोडंसुद्धा? सकाळचं, संध्याकाळचं?"

"खोलीला खिडकीच नाहीये."

"मग तर फारच छान!" दुकानदार खूश झाला. "ऊन आलं की पाणी हिरवंगार होतं बघा, मावशी. शेवाळ काढता काढता माणूस मेटाकुटीला येतो. माशांसाठी तुमची खोली एक नंबर."

आपल्या खोलीचं एवढं कौतुक ताईने जन्मात ऐकलं नव्हतं. हसावं की रडावं, तिला कळेना.

ताई पडदे शिवायची. आसपासच्या निम्म्या खिडक्यांवर तिच्या हातचे पडदे होते. तिच्या खोलीलाही पूर्वी एक खिडकी होती. धाकट्या भावाचं लग्न झालं, घर अपुरं पडायला लागलं, मागच्या बाजूला नवं न्हाणीघर बांधलं, त्यात ती खिडकी विटांनी बुजवली गेली. "पुढच्या वर्षी तुला दुसरी काढून देतो," असं भाऊ तेव्हा म्हणाला होता. ते पुढचं वर्ष वाट चुकलं ते चुकलंच. भिंतीत आतल्या बाजूला तेवढा एक कोनाडा राहिला. तेव्हापासून ताईच्या खोलीतली ट्यूब सकाळी लागायची ती ताई अंथरुणावर पडल्यावरच विझायची. गडद कापडाचा रंग पाहायचा तर ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहायची. मग भावजय हातातलं पातेलं सावरत म्हणायची, "ताई, जरा सरकता?" तिने कधी आवाज चढवला नाही. चढवला असता तर ताईला भांडता तरी आलं असतं.

आणि गेल्या आठवड्यात पडद्यांच्या दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "अगं, दुकानावरची खोली रिकामी झालीये. रस्त्याकडे ही एवढी मोठी खिडकी आहे. मशीन घेऊन ये आणि तिथेच राहा. पण शनिवारपर्यंत सांग हं, आणखी एक जण मागे लागलीये."

ताईने मशीनवर बसल्या बसल्या वाक्य घोटून ठेवलं. बाळ, मी तिकडे राहायला जाते. भाऊ केसांना कलप लावायला लागला होता, तरी तिच्यासाठी तो बाळच होता. एकदा जेवताना तिने धीर करून सुरुवात केली, "मला जरा बोलायचं होतं. खोलीत फार अंधार—"

"काही बोलू नकोस!" भावाने हात वर केला. "मला सगळं माहितीये. तू फक्त बघ."

दुसऱ्या दिवशी तो धापा टाकत काचेची टाकी घेऊन आला. ती कोनाड्यात अशी चपखल बसली की कडेने बोटही जाऊ नये. पठ्ठ्याने ताईचाच टेप घेऊन गुपचूप माप काढलं होतं. "आत रंगीत मासे, हिरवी झाडं आणि वर दिवा. पण दिवा तू निवडायचा, ताई. अगदी तुझ्या पसंतीचा."

म्हणून आज, शनिवारी, ताई या दुकानात उभी होती. दिवा घ्यायचा आणि परतीच्या वाटेवर मालकीणबाईंना होकार द्यायचा, असं तिने पक्कं ठरवलं होतं. माशांचं भाऊ बघेल.

दुकानदाराने निळा दिवा लावून दाखवला. मग रंग बदलणारा. ताईने पिशवीतून कापडाचा तुकडा काढून दिव्याखाली धरला. निळ्यात लाल कापड काळं पडलं. रंग बदलणाऱ्याने तर त्याचा तमाशाच केला.

"सकाळसारखा कुठला आहे?" तिने विचारलं.

दुकानदाराने एक साधा पांढरा दिवा काढला. त्याच्याखाली कापड कापडासारखं दिसलं.

"हाच द्या."

"मावशी, तुम्हाला मासे बघायचेत की कापड?"

ताई हसली. बाहेर पडून पडद्यांच्या दुकानापर्यंत आली. आत गिऱ्हाइकांची गर्दी होती. आधी घरी सांगू, मग यांना, असं म्हणून ती पुढे गेली. हीच तिची चूक झाली.

घरी भावाने टाकीत मासे आणून सोडले होते. त्याने ट्यूब बंद केली आणि टाकीचा दिवा लावला. निळ्या पट्ट्यांचे इवलेसे मासे चमकले. "किती प्रसन्न वाटतंय!" भावजय म्हणाली. भाऊ मात्र टाकीकडेच बघत म्हणाला, "आईबाबांमागे तू मला मोठं केलंस, आणि मी तुझी खिडकी बुजवली. फार टोचत होतं गं. आता बरं वाटलं."

ताईने घोटून ठेवलेलं वाक्य तसंच राहिलं. खूप राग आला तिला, आणि ज्याचा यावा त्याचे तर डोळे भरले होते. संध्याकाळी तिने मालकीणबाईंना फोन केला.

"मला नाही जमायचं."

"का गं? काय झालं?"

"घरी मासे आणलेत."

"मासे?"

"हो," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

वरची खोली त्या दुसरीला मिळाली. इकडे मासे फिके पडत चालले, झाडांमागे दडून बसायला लागले. ताई पुन्हा माशांच्या दुकानात गेली.

"दिवा संध्याकाळी बंद करता ना?"

"न चुकता."

"आणि खोलीतला?"

"तो असतोच. मी मशीनवर असते ना."

"मग कसं होणार, मावशी! माशांना पापण्या नसतात. त्यांना डोळे मिटता येत नाहीत. तुमची ट्यूब चालू म्हणजे त्यांचा दिवस चालू. त्या बिचाऱ्यांना रात्र मिळणार कधी?"

तो अगदी कळवळून बोलत होता. ताईला वाटलं, बरं आहे माशांचं. त्यांची रात्र बुडाली तर बाजारात कोणीतरी विचारणारं आहे.

घरी येऊन तिने उरलेल्या कापडांतलं सगळ्यात जाड कापड काढलं. कोनाड्याला टेप लावला. एवढ्या वर्षांत स्वतःच्या खोलीसाठी माप घेण्याची तिची ही पहिलीच वेळ होती. टाकीचा पडदा म्हणून तिने हात आखडता घेतला नाही. अस्तर लावलं, चुण्या मोजून घातल्या, दांडी ठोकली. मग पडदा ओढून घेतला आणि पलीकडे माशांची रात्र झाली.

भाऊ कामावरून आला तो दारातच थबकला. "वा, ताई! अगदी खिडकीच वाटतेय गं!" त्याने भावजयीला हाक मारली. दोघंही कौतुकाने बघत राहिली. "आता म्हणशील का, खोलीला खिडकी नाही म्हणून?"

"नाही म्हणणार," ताई म्हणाली. पडद्याच्या कडेला एक दोरा लोंबत होता. तिने वाकून तो दातांनी तोडला आणि ट्यूबखाली पुन्हा मशीनवर जाऊन बसली.