सातव्याचा सातवा आणि आठ घोडे

सकाळी दहाच्या आतच किलडरागच्या चर्चमागचा हॉल इतका भरला, की फादरना स्वतःच्याच हॉलमध्ये दाराशी उभं राहावं लागलं. नाताळचा दुसरा दिवस, सेंट स्टीफनचा. दुपारी टेकडीखालच्या मैदानावर कुंपणांवरून उड्या मारायच्या शर्यती होत्या. अशा सकाळी हॉलमध्ये जमून, चहाबरोबर कालचा उरलेला केक खात, 'आज कोण जिंकणार' यावर काथ्याकूट करायचा ही गावाची जुनी रीत. पूर्वी मंचावर तिघं बसत: एक म्हातारा जॉकी, एक घोडे तयार करणारा आणि एक बुकी. पाऊस किती झाला, जमीन किती ओली आहे, कुणाच्या पाठीवर किती वजन आहे, शेवटच्या कुंपणापाशी कोण दमतो, यावर ते तासभर भांडत आणि अखेर कबूल करत, की नक्की कुणालाच सांगता येत नाही. असल्या प्रामाणिक माणसांना कोण किती दिवस बोलावणार?

आता मंचावर एकच खुर्ची होती आणि तिच्यावर मलाकी डेलाहंटी बसला होता.

मलाकी सातव्या मुलाचा सातवा मुलगा. म्हणजे तो तसं सांगे; त्याचे सहा भाऊ कुणी पाहिले नव्हते. सातव्याच्या सातव्याच्या हाताला गुण असतो, असं त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. असे लोक नायटा घालवतात, भाजल्याची आग काढतात. पण नायट्यात पैसा कुठला? मलाकीचा गुण घोड्यांवर चालायचा.

"घोडा माझ्याशी बोलत नाही, मंडळी," मलाकी सांगत होता. बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला नाल त्यानं कानाशी धरला होता. "मुकं जनावर ते, काय बोलणार? बोलते त्याची मेलेली आई! पोटच्या पोराचं भलं आईला नाही कळणार, तर कुणाला कळणार?"

"आणि ज्या घोड्याची आई जिवंत असेल त्याचं काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"तो हरतो," मलाकी शांतपणे म्हणाला, आणि सगळा हॉल 'बरोबर, बरोबर' करत माना डोलवू लागला.

मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या गोरेटी हॅनिफिनला हसू आलं नाही. गोरेटी त्या भागातली नर्स. तीस वर्षं घरोघर जाऊन म्हाताऱ्यांच्या पायांना पट्ट्या बांधत आली होती. तिचं लक्ष मलाकीपेक्षा त्याच्या बाजूला उभ्या केलेल्या माणसाकडे होतं. तो तिचा धाकटा भाऊ मॉसी होता.

"हा बघा मॉसी!" मलाकीनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "ऑक्टोबरात एक घोडा सांगितला. जिंकला की नाही रे?"

"जिंकला," मॉसी म्हणाला. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. अठ्ठावन्न वर्षांत त्याला कुणी मंचावर बोलावलं नव्हतं.

"नोव्हेंबरात?"

"जिंकला."

"या महिन्याच्या सुरुवातीला?"

"तोही जिंकला."

"तीनात तीन! आणि का? कारण यानं तोंड उघडलं नाही. सख्ख्या बहिणीलासुद्धा शर्यत होईपर्यंत नाव सांगितलं नाही!"

इथंच खरी मेख होती. मलाकी एकेकाला जवळ बोलावून कानात एकच नाव सांगे, आणि 'आईच्या थडग्यावरच्या मेणबत्त्यांसाठी' म्हणून दहा युरो घेई. नाव दुसऱ्याला सांगितलं की गुण जातो, ही त्याची अट. आणि ही अट त्या गावात कुणालाच चमत्कारिक वाटली नाही. तिथं माणूस आपलं दुखणं सांगेल, भावकीतलं भांडण सांगेल, पण हाती लागलेला घोडा सांगणार नाही. कारण सांगितला की सगळे त्याच्यावरच पैसे लावतात आणि बुकी भाव पाडतो. दुसऱ्याला त्याचा घोडा विचारणंही असभ्यपणाचं. मलाकीला आयतं कुलूप मिळालं होतं.

त्या कुलपाची किल्ली गोरेटीला सापडली होती ती टाइग ब्रॉडरिकच्या घरी. टाइग ऐंशीचा; कानाशी ओरडलं तरच त्याला थोडंफार ऐकू येई. त्याच्या कानात कुजबुजून काय उपयोग? म्हणून त्याच्यासाठी मलाकीला चिठ्ठी लिहावी लागली होती. तीन दिवसांपूर्वी त्याच्या पायाची पट्टी बदलताना गोरेटीला ती येशूच्या तसबिरीखाली दिसली. ऑक्टोबरची शर्यत, घोडा 'डान्सिंग बिशप'. आणि त्याच शर्यतीत मॉसीला मिळाला होता 'हॉली लेन'.

"हा तर हरला होता, टाइग!" ती त्याच्या कानाशी ओरडली.

"माझंच चुकलं, नर्सबाई," म्हातारा शरमून म्हणाला. "मी कुत्र्याला सांगितलं."

मग दोन दिवस गोरेटीनं पट्ट्या बांधता बांधता सगळ्यांना विचारलं. घोडे निरनिराळे, पण शरम एकच. कुणी बायकोला सांगितलं होतं, कुणाला आपण झोपेत बरळलो असू अशी शंका होती. हरलेला प्रत्येक जण स्वतःलाच दोषी धरून गप्प बसला होता. जिंकलेले तेवढे बोलत होते.

मॉसीला तिनं हे सगळं सांगून पाहिलं. तो ऐकायच्या पलीकडे गेला होता. आजच्या मोठ्या शर्यतीसाठी त्यानं बटरमिल्क विकायला काढली होती. बटरमिल्क म्हणजे त्याची करडी घोडी. तिची आई तिला जन्म देताना मेली, तेव्हा मॉसीनं महिनाभर गोठ्यात झोपून तिला बाटलीनं दूध पाजलं होतं. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत. जे काही होतं ते ती घोडी होती. कॉनी रोश या व्यापाऱ्यानं पैसे आधीच दिले होते. संध्याकाळपर्यंत परत केले तर घोडी मॉसीची, नाही तर रोशची गाडी तिला घेऊन जाणार.

"या 'कॉपर केटल'नं ओल्या जमिनीवर तीन मैल कधी पुरे केलेत का?" मॉसीच्या कोटाच्या खिशात वर्तमानपत्र सापडलं तेव्हा, त्या नावाभोवतीची खूण पाहून तिनं सकाळीच विचारलं होतं. "जरा वाच की पुढं. तीनदा धावला, तीनदा दमला."

"तू नाव मोठ्यानं का घेतलंस?" मॉसी किंचाळला होता.

आता हॉलमध्ये गोरेटी भिंतीपासून पुढे झाली.

"आजचं गुपित मला नको," ती मोठ्यानं म्हणाली. "पण ऑक्टोबरची शर्यत तर संपली ना? संपलेल्या शर्यतीचं कसलं गुपित? बोला, कुणाला कोणता घोडा सांगितला होता?"

लोक बुटांकडे बघू लागले. तिनं खिशातून टाइगची चिठ्ठी काढून वर धरली. टाइगला ऐकू आलं नाही, पण चिठ्ठी दिसली. तो काठी टेकत उठला.

"डान्सिंग बिशप!" तो ओरडला. "मेला पहिल्याच कुंपणावर पडला!"

हॉलभर हशा पिकला, आणि मग बांध फुटला. "मलाही बिशपच!" "मला 'ओल्ड बार्ली'!" "अगं, तुला बार्ली? मला तर 'टिंकर्स प्राइड'!" नवराबायको एकमेकांकडे बघू लागले. बिंगोच्या फळ्यावर गोरेटी नावं लिहीत गेली. शर्यतीत घोडे आठ होते. फळ्यावरही आठच झाले.

"बघा," ती म्हणाली. "तीन गावांतले एकशे साठ लोक, घोडे आठ. एकेक घोडा वीस जणांना. जिंकणारा एक, म्हणजे वीस जण खूश. त्या विसांना पुढच्या शर्यतीत पाच घोडे वाटले, चौघं खूश. त्या चौघांना चार घोडे, एक खूश. तो एक माझा भाऊ. कुणीतरी उरणारच होतं. याला ना मेलेली आई लागते, ना जिवंत. ज्याला लिहितावाचता येतं त्या कुणालाही हे जमेल."

सगळे मलाकीकडे वळले. फादरनीसुद्धा मान पुढे काढली. गोरेटीला वाटलं, संपलं याचं दुकान.

मलाकीनं नाल हळूच मांडीवर ठेवला. "खरं आहे बाईंचं," तो म्हणाला. "आठही नावं मीच दिली."

मागचे लोक पुढे सरकले, तसा तोच पुढे बोलू लागला.

"का दिली? अहो, खरा घोडा एकट्यालाच सांगून बाकीच्यांना रिकाम्या हातानं पाठवलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं? सगळे त्याच्या पाठोपाठ गेले असते! भाव कोसळला असता! खरा घोडा ज्याच्या नशिबात आहे, त्याच्यासाठी मला तो सात खोट्यांत लपवावा लागतो. ऑक्टोबरात तुमची पाळी नव्हती." त्यानं हॉलवरून सावकाश नजर फिरवली. "आज कुणाची आहे, ते मी बोलणार नाही."

गोरेटी पाहत राहिली. एकेका चेहऱ्यावर तोच विचार उगवत होता: इतरांना खोटा, मला खरा. नुकतीच आपली फसवणूक जाहीर करणारे तेच लोक मंचापुढे रांग लावू लागले. मेणबत्त्या पंधरा युरोंना झाल्या, तरी कुणी कुरकुर केली नाही. टाइगसुद्धा कोरी चिठ्ठी घेऊन रांगेत उभा राहिला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली.

"मॉसी, चल घरी," ती मंचाजवळ जाऊन म्हणाली. "रोशचे पैसे देऊन टाक. बटरमिल्क तुझी आहे."

"सगळ्यांसमोर माझा घोडा नासवायला निघाली होतीस," मॉसी म्हणाला. "सगळे गप्प झाले तेव्हा मला वाटलं, तू आजचंही नाव घेणार."

दुपारी नऊ घोडे धावले. 'कॉपर केटल' पहिले दोन मैल सगळ्यांच्या पुढे होता. मॉसी कठड्याला धरून त्याच्याबरोबर प्रत्येक कुंपणावर टाचा उचलत होता. मग चिखल भारी पडू लागला. शेवटून तिसऱ्या कुंपणावर घोड्यानं पाय ओढत उडी घेतली, आणि नंतर तो नुसता चालत राहिला, थकलेला घोडा चालतो तसा. कुणी पाडलं नाही, कुणी नजर लावली नाही. तो दमला होता. वर्तमानपत्रात लिहिलं होतं तसाच दमला होता.

जिंकला 'सेंट्स अलाइव्ह'. ज्या पंधरावीस जणांना तो मिळाला होता, त्यांनी मलाकीला खांद्यावर घेतलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी. इथं तर नऊ फांद्यांवर नऊ कावळे बसवून ठेवले होते.

चार वाजता रोशची गाडी अंगणात आली. बटरमिल्क अनोळखी हातानं गाडीच्या उतरत्या फळीवर चढेना. मागे रेटली तर लाथा झाडू लागली. रोशच्या माणसानं चाबूक काढला तेव्हा मॉसी पुढे झाला. त्यानं दोर हातात घेतला, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला, आणि घोडी गुमान त्याच्या मागे गाडीत चढली. दोर सोडून घेऊन तो बाहेर आला आणि त्यानं स्वतःच अडसर लावला. गोरेटीला ते बघवलं नाही. गाडी वळणापलीकडे गेली तरी आतून घोडीचं खिंकाळणं ऐकू येत होतं.

गोरेटी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. 'मी सांगितलं होतं' हे शब्द तिनं गिळले.

"मॉसी," ती म्हणाली, "माझ्यावर राग धर, पण एवढं एक डोक्यात धर. नऊ घोड्यांची नावं नऊ जणांना सांगितली, तर एकाचं खरं ठरणारच. त्यात गुण नाही, शाप नाही. जो माणूस म्हणतो 'कुणाशी बोलू नकोस', त्याच्याबद्दल आधी सगळ्यांशी बोलावं. विचारावं, ताडून पाहावं, मग हात खिशात घालावा. यापेक्षा जास्त शहाणपण मलाही येत नाही. आणि त्यानं केलं तेवढं तर मीसुद्धा करू शकते."

दोर अजून मॉसीच्या हातात होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता. लहानपणी तो तिच्याकडे काही मागताना बघे, तसा तो बघत होता.

"तुलाही येतं," तो म्हणाला, "तर मग गोरेटी, खरा घोडा मला का नाही सांगितलास?"