ओढायचं… की नाही?

"ओढायचंच म्हणाली डॉक्टरीणबाई! या कानांनी ऐकलंय मी!" थोरला हातात दोर घेऊन गोठ्याच्या दारात उभा होता.

"अर्धंच ऐकलंत." थोरली दारात आडवी झाली होती. "‘ओढायचं’ म्हणाली आणि फोन गेला. पुढचा शब्द यायचाय अजून."

"ओढायचं म्हणजे ओढायचं! पुढं कशाला काय पाहिजे?"

"आणि पुढं ‘नाही’ असलं तर?"

आपली भाषाच अशी, की नकार शेपटाला बांधते. माणूस अख्खं वाक्य बोलून घेतो आणि मग सावकाश म्हणतो, नाही. आणि या वस्तीचं नेट तर वाक्याचं शेपूट हमखास खायचं.

आत भुरी गाय सकाळपासून अडली होती. एक पाय बाहेर आलेला, दुसऱ्याचा पत्ता नाही, डोक्याचा तर नाहीच. कळ आली की ती मान लांब करून कण्हायची. भुरीची आई ती जन्मली तेव्हाच गेली. थोरलीने तिला बाटलीने दूध पाजून, स्वतःच्या अंथरुणाशेजारी निजवून वाढवलेलं. लोक तिला ‘गाईची आई’ म्हणून चिडवायचे आणि तिला ते आवडायचं.

जनावरांची डॉक्टरीणबाई नदीपलीकडे होती. पूल दुरुस्तीला काढलेला, वळसा घालून यायचं तर दिवस मावळणार. तोवर गाय टिकणार नाही, मला फोनवर दाखवा, मी सांगते तसं करा, असं ती म्हणाली होती. पण दाखवायचं कसं? साधा फोन या वस्तीत लागत नव्हता. टेकडीमागच्या टॉवरचं नेट काय ते झिरपत यायचं, त्यात निरोप नाहीतर तुटका आवाज कसाबसा पोचायचा. चित्र म्हटलं की पडद्यावर नुसतं चाक गरगरायचं.

"सगळ्यांनी आपापलं नेट बंद केलं तर येईल," थोरला म्हणाला. त्याने दोर टाकला आणि वस्तीच्या ग्रुपवर लिहिलं: ‘आमची गाय अडली आहे. कृपा करून सगळ्यांनी नेट बंद करा.’

वस्ती वाईट नव्हती हो. उलट फार चांगली, तिथंच घोडं पेंड खातं. लगेच उत्तरं सुरू झाली. ‘बरं.’ ‘केलं बंद.’ ‘मीही केलं.’ ‘कुठली गाय? भुरी का?’ ‘काळजी घ्या.’ शिंप्याने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. गिरणीवाल्याने तर गाय कशी सोडवावी याची भली लांब चित्रफीत पाठवून दिली. नेट बंद केलं हे सांगायला जो तो नेट लावून बसला. होतं तेवढं चाकही फिरायचं थांबलं.

"आता गं?" थोरला रडकुंडीला आला. "मी ओढतो. मरायचीच असेल तर हात जोडून का बघत बसू?"

"हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे!"

हा आरडाओरडा ऐकून रस्त्यावरून चाललेला पाटकरी थांबला. कालव्याचं पाणी कुणाला कधी द्यायचं हे बघण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याने काय झालं ते विचारलं, ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, कालव्याच्या शेपटाला पाणी पाहिजे तर वरच्यांना निरोप धाडून कधी मिळालंय का?" एवढं बोलून त्याने गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि एक लांबलचक फुंकर मारली.

ही शिट्टी वस्तीच्या रक्तात होती. ती वाजली की वरच्यांनी पाण्याची दारं टाकायची आणि शेवटच्या शेतांना पाळी द्यायची, तिथं बरं-ठीक करत बसायचं नाही. चार-पाच जण तर फावडी घेऊन धावतच बाहेर आले. कालवा कोरडा आहे हे त्यांच्या ध्यानातच नाही.

"पाण्याची नाही रे! नेटची पाळी!" पाटकरी ओरडला. "शेपटाची पाळी! वरचे सगळे बंद! आणि बंद केलं म्हणून कुणी कळवायचं नाही!"

फोन पटापट बंद झाले. थोरल्याच्या हातातलं चाक पुन्हा फिरू लागलं. फिरलं, पण फिरतच राहिलं.

"कुठंतरी फुटतंय," पाटकरी म्हणाला. "एक दार उघडं आहे अजून."

तेवढ्यात भिंतीपलीकडून हसणं ऐकू आलं. धाकट्या जावेचं.

धाकटीचा नवरा परमुलखात कामाला. भिंतीच्या कोपऱ्यात नेट बरं मिळतं म्हणून ती तिथं स्टूल टाकून त्याच्याशी बोलायची. उन्हाळ्यात थोरलीने नेमकं त्याच कोपऱ्यात सरपण रचलं. जागा तिचीच होती, पण रचलं ते जागेसाठी नव्हे, खोड काढायला. तेव्हापासून दोघींचा अबोला.

अडली गाय फटके खाय म्हणतात. थोरली पदर सावरत धाकटीच्या दारात गेली. धाकटी खिडकीपाशी टेबलावर उभी राहून फोन उंच धरून बोलत होती.

"अगं, भुरी मरते आहे. नेट सोड."

धाकटीने वळून पाहिलं. "सरपण रचताना कसं सुचलं नाही, जाऊबाई?"

"चुकलं माझं. मग वाटेल ते बोल मला. आत्ता सोड गं!"

धाकटीने तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं. पडद्यावर नवरा काहीतरी सांगत होता. तिने त्याला थांब म्हणायलाही वेळ घेतला नाही. फोन बंद केला आणि टेबलावरून उडी टाकून थोरलीच्या पुढं गोठ्याकडे धावली.

तिथं चित्र उमटलं होतं. आणि त्यातून पहिला शब्द आला तो असा:

"नाही! नाही! ओढायचं नाही म्हणून मघापासून ओरडते आहे मी!"

थोरल्याने पायानेच दोर दूर सारला. त्याच्या हातचा फोन धाकटीने घेतला आणि गाईसमोर धरला.

"डोकं मागं वळलंय," डॉक्टरीणबाई म्हणाली. "ओढलं असतं तर दोन्ही जीव गेले असते. कळ ओसरली की पाय आत ढकला. हात आत घालून डोकं समोर घ्या, मग दुसरा पाय."

थोरलीने साबणाने हात धुतले, बाहेरचा पाय आत ढकलला आणि एक हात कोपरापर्यंत आत घातला. भुरी हंबरली. "माझी बाय, माझी सोनी," थोरली पुटपुटत राहिली. कळ आली की तिचा हात पिळवटून निघायचा. ओसरली की ती बोटभर पुढं जायची. शेवटी ओलसर नाकपुडी हाताला लागली, मग राहिलेला पाय.

"आलं, बाई! डोकं समोर आलं! आता?"

"आता ओढायचं…"

चित्र गोठलं. थोरल्याने दोर उचलला, पण ओढला नाही.

"…हळूहळू, कळ येईल तसं!"

वासरू आलं. निपचित पडलं, मग शिंकलं. भुरीने मान वळवून त्याला चाटायला सुरुवात केली तशी थोरली गवतावरच बसली आणि मोकळेपणाने रडली. धाकटीही रडत होती, पण हसत हसत.

"माझंही चांगलंच झालं आज," ती म्हणाली. "सुगीला येणार म्हणाले हे."

थोरलीने डोळे पुसले. "काय म्हणाले नेमकं?"

"‘सुगीला मी येणार’, असं."

"आणि पुढं?"

"पुढं मी फोन ठेवला ना, तुमच्यासाठी."

बोलता बोलता धाकटीचं हसू मावळलं. दिवसभर अशाच एका अर्ध्या वाक्यावरून तर रामायण झालं होतं. अंगावर रक्त-घाण तशीच, थोरली उठून कोपऱ्यात गेली आणि रचलेलं सरपण दोन्ही हातांनी उपसून अंगणात फेकू लागली. कोपरा मोकळा झाला. तिने स्टूल आणून ठेवलं, पाटकऱ्याची शिट्टी मागून घेतली आणि गाल फुगवून फुंकली.

"वरचे बंद! शेपटाची पाळी आहे अजून!"

धाकटी स्टुलावर चढली. चाक फिरलं. नवऱ्याचा चेहरा दिसला. तिने विचारलं, "सुगीला येणार ना?"

"येणार नाही…"

आणि तो तसाच गोठला, तोंड उघडं. थोरलीने खालून धाकटीचे पाय घट्ट धरले.

"थांब," ती म्हणाली. "घाई नको. पुढचा शब्द येऊ दे."

चाक फिरलं, फिरलं.

"…तर काय करणार? इथं कोण आहे माझं?"