कलावतीचा दहावा

खडवलीच्या नदीकाठी कलावतीचा दहावा होता आणि पिंडाला कावळा शिवत नव्हता. बाभळीवर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना.

तिच्या भावाने, मारुतीने, हात जोडले. "ताई, तुझ्या शीलाला मी सांभाळीन." कावळे हलले नाहीत. तेव्हा तो लांब उभ्या असलेल्या सहदेवकडे वळला. सहदेव शीलाचा बाप होता, पण कलावतीशी त्याचं लग्न झालं नव्हतं.

"आता तुम्हीच बोला. ती होती तेव्हा तोंड उघडलं नाहीत."

नौपाड्यातल्या वकिलाने सहदेवला नवा कायदा सांगितला होता. बिनलग्नाच्या मुलावर हक्क आईचा, आईमागे बापाचा. तो पुढे आला. "कलावती, कोर्टात जातो आणि शीलाला माझ्या घरी नेतो."

कावळे बसूनच राहिले.

"कोर्टात काय सांगणार?" मारुती म्हणाला. "लग्न नव्हतं म्हणून? गावात ती मरेपर्यंत तुमच्या नावाचं कुंकू लावून वावरली."

शीला मामाचा सदरा धरून उभी होती. सहदेवने तिच्याकडे बघितलं.

"कोर्टात जात नाही," तो म्हणाला. "पोर मामाकडेच राहू दे. तिचं खाणं, शाळा, लग्न माझ्यावर."

निदान या शब्दाला तरी कावळा येऊ नये, असं त्याला वाटत होतं. पण बोलणं पुरतं संपायच्या आत कावळा उतरला आणि त्याने भाताला चोच लावली.

"शिवला!" मारुतीने नमस्कार केला. माणसं आंघोळीला गेली. सहदेव तिथेच उभा राहिला. कलावतीने उत्तर दिलं होतं, आणि आता तिच्याशी भांडायचीही सोय नव्हती.