गोलाआधीचा हॉर्न

आमच्या ऑस्ट्रेलियातल्या गावात फुटबॉलची, म्हणजे बॉल हातानेही झेलायच्या आमच्या खेळाची, मॅच गाडीत बसून बघतात. मैदानाकडे तोंड करून गाडी लावायची, थर्मास उघडायचा आणि आपला गोल झाला की हॉर्न वाजवायचा. गोलाशिवाय हॉर्न नाही. बायकांच्या मॅचला तर आमचा नेव्हिल गोल झाला तरी वाजवत नसे.

ब्रॉन्टी केलेहर मोठी झाली तेव्हा, "आता मुलांत खेळायचं नाही," असं सांगून तिला घरी पाठवणारा क्लबचा कमिटीवाला हाच. पुढे बायकांची लीग निघाली, तोवर ती मेंढ्यांची लोकर कातरत होती. तिथून ती थेट टीव्हीवर दिसायला लागली आणि हा चॅनल बदलायला लागला. आज सगळं खेळून, गुडघे शिवून घेऊन, ती शेवटची मॅच खेळायला गावी आली होती.

"बॅटरी उतरलीय का रे?" त्याच्या गाडीत शेजारी बसून, गप्प हॉर्नकडे बघत मी टोमणा मारला.

"चहा ओत गुपचूप."

तेवढ्यात मागून उंच बॉल आला. ब्रॉन्टी वर बघत धावत सुटली. पुढून दोन धिप्पाड पोरी तिच्या अंगावर येत होत्या. त्या येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी तिने बॉलवरची नजर काढली नाही. धडक बसली. तिघी चिखलात आडव्या झाल्या. ब्रॉन्टी उठली, तेव्हा बॉल तिच्या छातीशी होता.

माझा चहा सांडला. नेव्हिलने दोन्ही तळव्यांनी हॉर्न दाबला होता.

"अरे, गोल कुठे झालाय!"

"दिसतंय मला."

नंतर त्या झेलाबद्दल गोलावर मिळालेली तिची किक चुकली. हॉर्न तेव्हाही वाजतच होता.