भोंगा वाजला की खुर्ची सगळ्यांची

मित्रांनो, मला जुनी म्हणा, हरकत नाही. भंगार मात्र म्हणू नका. मी अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांनी विणलेली घडीची खुर्ची आहे. अलाबामातल्या मिल्स बेंड या गावात चाळीसहून जास्त नाताळ मी मुख्य रस्त्याच्या कडेला काढले. एवढे नाताळ पाहिले की माणसांचं कौतुक वाटेनासं होतं.

मी एकटी आले नाही. हुबेहूब माझ्यासारखी दुसरी खुर्ची माझ्याबरोबर आली. अर्लीन टिडवेल नावाची बाई किराणा सामानावर मिळणारे स्टँप वर्षभर वहीत चिकटवत होती. वह्या भरल्यावर तिला त्या बदल्यात मिक्सर घेता आला असता. तिनं आम्हा दोघींना घेतलं. घरी नेऊन नवऱ्याला म्हणाली, "हॉलिस, एक तुझी, एक माझी. नाताळच्या मिरवणुकीला."

हॉलिस म्हणाला, "मिक्सर का नाही आणलास?"

त्या दिवशी तो माझ्या मनातून उतरला, तो उतरलाच.

आमच्याकडे मिरवणूक डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी निघते. सकाळी लोक आपापल्या खुर्च्या रस्त्याच्या कडेला मांडून जागा धरतात आणि घरी जातात. शेजाऱ्याची शिडी नेली तर वर्षभर परत न देणारी ही माणसं, पण रस्त्यावर मांडलेल्या खुर्चीला कुणी बोट लावत नाही. नियम एकच. मिरवणुकीच्या पुढे आगीचा बंब असतो. त्याचा भोंगा वाजला आणि खुर्ची रिकामी असली, की मग ती सगळ्यांची. कुणीही बसावं, मालकानं तक्रार करू नये.

मिरवणूक म्हणाल तर तिच्यात पाहण्यासारखं काही नसतं. लाल टोप्या घातलेले पोट सुटलेले बाप्ये खेळण्याएवढ्या मोटारींत गुडघे कानाशी घेऊन गोल गोल फिरतात. इथल्या अक्रोडासारख्या पेकन मेव्याची राणी म्हणून निवडलेली मुलगी ट्रॅक्टरमागच्या गाडीवर उभी राहून हात हलवते, आणि दर वर्षी ती कुठल्या ना कुठल्या समिती सदस्याचीच भाची निघते. हवा अशी की अंगाला घाम फुटावा, पण लोक लोकरीच्या टोप्या घालून, हातात गरम चॉकलेटचा पेला घेऊन उभे. का, तर नाताळ आहे! अलीकडे बँकेच्या गच्चीवरून यंत्रानं साबणाचा फेस उडवतात आणि त्याला बर्फ म्हणतात. तो डोळ्यांत गेला की पोरं रडतात, आणि आया म्हणतात, "हस, हस, फोटो काढतेय."

आणि आताच्या खुर्च्या! पिशवीत बसणाऱ्या, हाताशी पेला ठेवायला जाळीचा खिसा असलेल्या. दोन हिवाळे काढले की पाय फाकतात. त्यांच्याबद्दल मी अधिक बोलणार नाही.

अर्लीनला मात्र हे सगळं आवडायचं. ती दर वर्षी आम्हा दोघींना पेट्टसच्या हार्डवेअरच्या दुकानासमोर मांडायची. ती माझ्यावर बसायची. हॉलिसची खुर्ची शेजारी रिकामी. कारण मिरवणुकीच्याच दुपारी फुटबॉलची मोठी मॅच असते. अख्ख्या राज्याला ठाऊक असलेली गोष्ट फक्त मिरवणूक समितीला ठाऊक नसते. गावातले निम्मे पुरुष एक कान रेडिओला लावून मिरवणूक पाहायचे. हॉलिस तेवढंही करत नसे. तो कोर्टामागच्या गल्लीत ट्रक लावून आत रेडिओ ऐकत बसायचा.

भोंगा वाजला की मिस ओडेसा यायची. ही शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेली, गुडघ्यानं अधू बाई. एका हातात काठी, दुसऱ्या हातात उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी.

"काय गं अर्लीन, ही खुर्ची कुणाची?"

"बसा, मिस ओडेसा. तो काही यायचा नाही."

दर वर्षी हेच. पुढे पुढे मिस ओडेसानं स्वतःची खुर्ची आणणंच सोडलं. हॉलिस येणार नाही यावर तिचा इतका भरवसा होता.

मिरवणुकीवरच भागत नसे. चर्चच्या अंगणात जिवंत गाढव आणि मेंढ्या आणून येशूजन्माचा देखावा करायचे, तिथेही अर्लीन मला न्यायची. हॉलिस इंजिन चालू ठेवून ट्रकमध्ये. मग एका रविवारी घरांवरचे दिवे पाहायला फेरी. गिरणीच्या वस्तीतून तो असा ट्रक हाणायचा की जणू पाठीमागे पोलीस लागलेत.

"अरे, हळू चालव ना! घरं दिसली, दिवे दिसले नाहीत."

"दिवेच ते. गेल्या वर्षीचेच आहेत."

मधल्या काळात माझ्या बिजागरीचा रिव्हेट तुटला. अर्लीननं मला त्याच्याकडे दिलं. "उद्या बघतो," तो म्हणाला. ज्याच्या गॅरेजात चार पेट्या भरून हत्यारं होती, त्याचा उद्या दोन वर्षं उगवला नाही. मी खिळ्याला टांगलेली. कोळ्यांनी माझ्यावर संसार थाटले. शेवटी अर्लीननंच स्वयंपाकघराच्या खणातला एक बोल्ट शोधून मला बसवला. बोल्ट जरा लांब होता. तेव्हापासून मिटताना मी बोट चिमटते. कुठे धरायचं आणि कुठे गुडघा टेकवायचा, ते फक्त तिलाच माहीत होतं.

गेल्या डिसेंबरात ती खूप वाळली होती. औषधानं केस गेलेले, डोक्याला रुमाल. हॉलिसनं तिला हाताला धरून माझ्यावर आणून बसवलं. एवढं त्यानं केलं, ते मी नाकारत नाही. ती म्हणाली, "या वर्षी बस ना जरा माझ्याजवळ."

"मॅच संपली की आलोच."

मॅच बरोबरीत आली आणि लांबली. इकडे भोंगा वाजला, बँड गेला, मोटारी गेल्या, शेवटी सांताक्लॉजही हात हलवून गेला. मिस ओडेसा शेजारी बसून शेंगा सोलून तिच्या हातावर ठेवत होती. रस्ता झाडायला माणसं आली तेव्हा हॉलिस आला. "जिंकलो," म्हणाला.

मार्चमध्ये अर्लीन गेली.

त्यांची मुलगी डार्ला अटलांटाहून आली होती. गॅरेज आवरताना तिनं आम्हा दोघींना कचऱ्याच्या ढिगाकडे काढून ठेवलं. "डॅडी, या दोन्ही टाकून देते हं." हॉलिसनं आम्हाला उचललं आणि परत खिळ्याला लावलं. मला त्याचं कौतुक वाटलं असेल असं समजू नका. टांगून ठेवणं त्याला पहिल्यापासून जमत होतंच.

या डिसेंबरात पहिल्या शनिवारी सकाळी तो गॅरेजात आला. दोघींना ट्रकमध्ये टाकलं आणि हार्डवेअरच्या दुकानासमोर मांडलं. घरी गेला नाही. आपल्या खुर्चीवर, जिच्यावर तो आयुष्यात कधी बसला नव्हता, तिच्यावर बसला. मी शेजारी रिकामी. दुपारपर्यंत तो तसाच बसून होता.

दुकानाचा मालक रॉइस पेट्टस दारात येऊन उभा राहिला. "काय रे हॉलिस, ट्रकचा रेडिओ बिघडला?"

"नाही."

"मॅच सुरू झाली की. पहिले गुण आपलेच."

"असू दे."

रॉइसनं माझ्याकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि आत गेला.

भोंगा वाजला. मी वाट पाहत होते ती घडी आली. काठी टेकत मिस ओडेसा आली आणि थबकली.

"अगं बाई! तू माझ्या खुर्चीत काय करतोयस?"

"माझी आहे ती," हॉलिस म्हणाला.

"चाळीस वर्षांनी आठवलं होय रे!"

मग तिची नजर माझ्याकडे गेली. नियमानं मी आता कुणाचीही होते. पण ती बसली नाही. दुकानाच्या खांबाला पाठ लावून, काठीवर भार देऊन उभी राहिली.

हॉलिसनं माझ्या हातावर आपला हात ठेवला होता. घट्ट. जणू मला कुणी पळवणार होतं. बंब गेला. शाळेचा बँड आला. मिस ओडेसानं या पायावरचा भार त्या पायावर घेतला. राणीची गाडी गेली. म्हातारीनं ओठ दाबून परत पाय बदलला. आणि हा मठ्ठ माणूस समोर पाहत बसलेला. मला त्याचा इतका संताप आला! बायको जिवंत होती तेव्हा शेजारी बसला नाही, आणि आता रिकाम्या पट्ट्यांवर पहारा देतोय. अर्लीननं शेजारची रिकामी खुर्ची कुणाला कधी नाकारली होती? अरे, बायकोचं काहीच शिकला नाहीस का?

छोट्या मोटारी गोल गोल फिरून गेल्या. बँकेवरचा फेस खाली येऊन माझ्या पट्ट्यांवर पडला. हॉलिसनं तो पाहिला. खिशातून रुमाल काढला आणि मला पुसलं, आधी बैठक, मग पाठ. मग मान न वळवता म्हणाला,

"बसा, मिस ओडेसा. ती काही यायची नाही."

म्हातारी येऊन बसली. शेंगांची पिशवी दोघांच्या मध्ये धरली. त्यानं एक घेतली, नीट सोलता आली नाही, शर्टावर पाणी सांडलं. सांताक्लॉज जाईपर्यंत दोघंही तिथेच बसून होती.

निघताना त्यानं मला मिटायला घेतलं. कुठे धरायचं ते त्याला कुठून माहीत असणार? मी त्याचं बोट कचकन चिमटलं. मुद्दाम. त्यानं शिवी दिली नाही. बोट तोंडात धरून तो माझ्या बोल्टकडे बघत उभा राहिला, कितीतरी वेळ. तो बोल्ट तिथे कुणी आणि का बसवला, ते त्याला तेव्हा कळलं.

मला त्याची कीव येते का? नाही येत. पण परवा त्यानं तो बोल्ट काढून योग्य मापाचा बसवला आणि बिजागरीत तेल घातलं. काम चांगलं केलं. अर्ध्या तासाचं होतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या खुर्च्या पावसात ठेवू नका, तुटल्या तर वेळेवर दुरुस्त करा, हे तर आहेच. पण माझं मागणं त्याहून लहान आहे. मॅचचा निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो. म्हणून घरातलं कुणी "बस ना जरा माझ्याजवळ" म्हणालं, तर तेव्हाच बसा. खुर्ची नसेल, तर जमिनीवर बसा.