भेंडीच्या दोन ओळी

फेब्रुवारी लागला की देवाजीच्या अंगात शेतकरी यायचा. साकोलीकडचं गाव सोडून तो तरणेपणी भिलाईला आला, स्टील प्लांटच्या, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये चिकटला आणि तिथूनच रिटायर झाला. शेती भावांकडे राहिली. मग क्वार्टरच्या मागे जेवढी जागा होती तेवढ्यातच त्याने आपली सगळी शेतकी कोंबली. थंडी सरली की सेमीच्या, म्हणजे वालाच्या शेंगांचा मांडव उतरवायचा, गुलाब छाटायचे, मोगऱ्याची आळी उकरायची, वाफे खोदून शेणखत घालायचं आणि भेंडी-गवार टाकायची. ही सगळी कामं तो दरवर्षी मोठ्या हौसेनं करायचा. म्हणजे सुरू करायचा. गुलाबावर कात्री चालवून, हात झटकून तो ड्यूटीवर निघून जायचा, आणि मागे काट्यांचे भारे त्याची बायको मैनाबाई उचलायची. मांडव तो ओढून पाडायचा, त्याच्या तारा-काड्या सोडवत ती बसायची. रोजचं पाणी तर सकाळ-संध्याकाळ तिच्याच नावावर होतं. तिने कधी कुरकुर केली तर देवाजी हसायचा.

"पानी टाकन्यात काय काम आहे वं? पाइप तर धराचा असते."

आणि पाहुणे आले की त्यांना मागच्या दारी नेऊन म्हणायचा, "ही माही बाग."

यंदा संक्रांत झाली आणि त्याच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. रायपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरने डोळ्यात हवा भरली आणि बजावलं, की आता काही दिवस पालथं पडून राहायचं, जेवण-आंघोळ सोडली तर तोंड खालीच. त्यानंतरही होळी होईपर्यंत वाकायचं नाही, उन्हात आणि धुळीत पाऊल टाकायचं नाही. देवाजी घरात कोणाचं ऐकणारा नव्हता, पण प्लांटमध्ये जन्म गेलेला माणूस, नियम म्हटला की सुतासारखा सरळ व्हायचा. समोरच्या खोलीत पलंगावर तो पालथा पडला तो पडलाच. मिलच्या खडखडाटात त्याचे कान अर्धे गेलेलेच होते. आता डोळेही गादीत. मागच्या अंगणात हत्ती नाचला असता तरी त्याला कळलं नसतं.

पण तोंड मोकळं होतं. उशीवर कपाळ टेकून तो गादीशी बोलल्यासारखे हुकूम सोडायचा.

"आज मांडव उतरव. उशीर नको करू. वाफे रिकामे झाले पाह्यजे."

पहिल्या दिवशी मैनाबाई खरंच पदर खोचून, विळा घेऊन मागे गेली. वेल वाळून तारांना घट्ट धरून बसला होता. तिने हात वर करून पहिली तार ओढली आणि कमरेतून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने शेणखताचं घमेलं पालथं घातलं आणि त्यावर टेकली. म्हटलं, घटकाभर बसू. ऊन कोवळं होतं, पाठीला बरं वाटत होतं. नळाला पाणी आलं, खाली ठेवलेल्या बादलीतून वाहू लागलं. ते तिने ऐकलं. मग पाणी गेलं, तेही ऐकलं. ती उठली नाही. तिला ताप नव्हता, कोणाशी भांडण झालं नव्हतं. ती थकली होती, एवढंच. आणि हा थकवा त्या सकाळचा नव्हता. पस्तीस वर्षं तो अंगात साचत आला होता, आणि बसायला जागा मिळाल्याबरोबर तिच्यासोबत खाली बसला होता.

घरात आली तेव्हा देवाजीने गादीतूनच विचारलं, "उतरवला का मांडव?"

"उतरवला," ती म्हणाली.

मांडव उतरवायला अख्खी सकाळ गेली असती. उतरवला म्हणायला काहीच लागलं नाही. मैनाबाईला याचं मोठं नवल वाटलं.

मग रोज तेच होऊ लागलं. सकाळी हुकूम ऐकायचा, खुरपं हातात घ्यायचं, मागे जाऊन घमेल्यावर बसायचं. हाताशी वाळक्या शेंगा लोंबत, त्या सोलत बसायची. डुलकी लागली तर लागू द्यायची. पालकाला आणि मुळ्याला तुरे आले, ते तिने येऊ दिले. कोथिंबीर पांढरी फुलली. मग हळूहळू सगळंच पिवळं पडलं, पानांवर रस्त्याची धूळ बसली, आणि ती धुवायला कोणी पाइप धरला नाही. संध्याकाळी देवाजीला हिशोब द्यायची. गुलाब छाटले. आळी उकरली. खत घातलं.

"भेंडी रातभर भिजू घातली होती ना?"

"घातली होती."

"किती ओळी टाकल्या?"

"दोन."

"दोनच? बरं. दोन बस झाल्या."

त्या दोन ओळी पुढे तिला फार जड गेल्या. देवाजी दररोज त्यांची खबर घ्यायचा. वर आली का, किती पानांवर आहे, लाल मुंग्या तर नाहीत. मैनाबाईने आजवर इतक्या भेंड्या वाढवल्या होत्या, की कोणत्या दिवशी काय होतं हे तिला न पाहता सांगता यायचं. तिने चार पानांवर आणली. एकदा तर मुंग्याही लावल्या आणि राख टाकून घालवल्या. देवाजी खूश होता. पालथं पडून राहण्याचे दिवस संपले, तो काळा चष्मा लावून खुर्चीत बसू लागला, तरी नियमाबरहुकूम मागच्या दाराकडे फिरकला नाही. होळी अजून व्हायची होती.

एक दिवस पुण्याहून मुलाचा, प्रफुल्लचा फोन आला. देवाजी कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने बोलायचा, त्यामुळे स्वयंपाकघरात कणीक मळणाऱ्या मैनाबाईला सगळं ऐकू आलं.

"बागेची चिंता नको करू रे. तुही माय सगळं करून राहिली. एकटीनं. भेंडी चार पानांवर आनली तिनं. हाताले यश आहे तिच्या, मी तर म्हन्तो माह्यापेक्षा जास्त."

मैनाबाईचे हात परातीत थांबले. पस्तीस वर्षांत हे वाक्य या घरात उच्चारलं गेलं नव्हतं. कळशीने पाणी घालून तिने मोगरा जगवला होता, पाठीत उसण भरलेली असताना वाफे खोदले होते, तेव्हा नाही. आणि आता, ती घमेल्यावर बसून शेंगा सोलत होती तर हाताला यश आलं. तिला आधी राग आला. मग रडू आलं. मग पोळ्या करायच्या होत्या म्हणून तिने नाक पुसलं.

होळी जवळ आली तशी मात्र तिला भीती वाटू लागली. देवाजी हात उगारणारा नव्हता. पण बाग ही त्याच्याजवळ उरलेली एकच गोष्ट होती. नोकरी गेली, कान गेले, डोळा जाता जाता राहिला. तो दार उघडून बाहेर येईल आणि समोर वाळवंट. त्यातून तिचं खोटं. या वयात नवऱ्याने आपल्याला खोटारडी म्हणावं, हे तिला सोसवणार नव्हतं.

शेजारची कलावती भिंतीवरून डोकावली आणि बाग पाहून तिने तोंडावर हात ठेवला.

"सारी वाळवली तू बाग? भाऊजी पाह्यतील तर?"

मग तिनेच उपाय सांगितला. सिविक सेंटरकडच्या नर्सरीत वीतभर वाढलेली रोपं पिशव्यांमध्ये तयार मिळतात. तिचा भाचा मोटरसायकलवर घेऊन येईल. दोघी मिळून एका दुपारी लावून टाकू. भाऊजींना ओळखूसुद्धा येणार नाही.

मैनाबाईने घमेल्यावर बसून त्यावर पुष्कळ विचार केला. आधी मांडव उतरवावा लागेल. मग माती भिजवावी लागेल, खोदावी लागेल, खड्डे करावे लागतील. म्हणजे खोटं लपवायचं तरी कंबर वाकवावीच लागणार.

"राहू दे कलावती," ती म्हणाली. "माह्यानं नाही होत."

होळी झाली, धुळवड झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच देवाजीने धुतलेला सदरा घातला, पाहुण्याच्या घरी निघाल्यासारखे केस विंचरले आणि मागच्या दाराची कडी काढली. मैनाबाई त्याच्या मागे उभी राहिली. काय बोलायचं ते तिने रात्रीच ठरवून ठेवलं होतं, त्यातला एक शब्द तिला आठवेना.

देवाजीने काळा चष्मा काढला. समोर पाहिलं. मग डावा डोळा हाताने झाकून पाहिलं, मग उजवा झाकून. पुन्हा डावा. त्याचा चेहरा उतरत गेला. त्याने दाराची चौकट घट्ट धरली.

"मैना," तो म्हणाला. तो तिला नावाने क्वचितच हाक मारायचा. "मले बरोबर दिसून नाही राहिलं वं. सगळं भुरकंच दिसते. हिरवं दिसतच नाही. ऑपरेशन वाया गेलं."

 मैनाबाई गप्प राहिली असती तर तिचं खोटं आणखी दोन दिवस टिकलं असतं. पण हा माणूस आपला डोळा गेला म्हणून चौकट धरून उभा होता.

"डोया चांगला आहे तुमचा," ती म्हणाली. "बागच तशी आहे."

"कशी?"

"वायली. सारी सुकली. मांडव नाही उतरवला. गुलाब नाही कापले. भेंडी नाही टाकली. मी काहीच नाही केलं. रोज तिथं जाऊन बसत होती."

देवाजीने तिने दाखवलं तिकडे पाहिलं. पालथं घमेलं, त्याच्या अवतीभवती शेंगांच्या सालींचा ढीग, आणि पाय ठेवून ठेवून गुळगुळीत झालेली जमीन. डोळा शाबूत आहे हे कळून त्याने आधी मोठा श्वास सोडला. मग त्याला राग आला. तो त्याच्या मानेवर चढताना तिला दिसला.

"कावून?"

"थकली मी."

"मंग सांगाचं होतं. झालं झालं कावून म्हनलं?"

"पस्तीस वर्स करून राहिली होती, तवा तुमी एक सबद नाही काढला. नाही केलं, तर म्हने हाताले यश आहे." तिचा आवाज फाटला. "तुमीच सांगा, मी काय कराचं होतं?"

 देवाजी वाळलेल्या वेलाकडे वळला. मैनाबाई जाऊन आपल्या घमेल्यावर बसली. आता तो काय म्हणेल ते म्हणो, असं तिला झालं होतं. नळाला पाणी आलं आणि बादली भरून वाहू लागली.

"कुठं टाकल्या होत्या म्हनली भेंडीच्या ओळी?" त्याने विचारलं.

तिने पायाच्या अंगठ्याने भिंतीकडचा वाफा दाखवला.

देवाजी नळाजवळ गेला. गुडघे वाकवून, कंबर सरळ ठेवून त्याने अगदी नियमाप्रमाणे पाइप उचलला, नळाला लावला आणि त्या रिकाम्या वाफ्यावर पाणी सोडलं. जमीन दगडासारखी टणक झाली होती. पाणी आधी वरून घरंगळलं, मग कुठे मुरायला लागलं.

"काहीच नाही तिथं," मैनाबाई म्हणाली. "कायले टाकून राहिले पानी?"

"भिजल्याबगर खोदता कशी येईन?"

तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला, परत आला. पाइप गुलाबाच्या खोडाला अडकला, तो सोडवावा लागला. एका जागी पीळ पडून पाणी बंद झालं, तोही काढावा लागला. चप्पल चिखलात रुतली. पहिली ओळ भिजवून दुसरीवर आला तेव्हा त्याने पाइप उजव्या हातातून डाव्यात घेतला. थोड्या वेळाने पुन्हा उजव्यात. ऊन वर चढलं होतं, आणि अजून गुलाब होते, मोगरा होता, कोपऱ्यातलं लिंबू होतं.

"खांदा भरून आला वं," तो म्हणाला.

"भरून येते," मैनाबाई म्हणाली, आणि उठली नाही.